उच्च स्पष्टतेची दूरचित्रवाणी आणि ‘जोडलेले घर’ : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय कुटुंबाच्या दैनंदिन व्यवहारावर ज्या माध्यमाने सर्वाधिक प्रभाव टाकला, ते माध्यम म्हणजे दूरचित्रवाणी होय. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या माध्यमाचे स्वरूप आमूलाग्र बदलले. जाड काचेच्या पेटीची जागा भिंतीवरील सपाट पडद्याने घेतली. साध्या चित्राची जागा उच्च स्पष्टतेच्या, म्हणजे बोलीत ज्यास ‘एचडी’ म्हटले जाते त्या चित्राने घेतली. पुढे हा पडदा इंटरनेटला जोडला गेला आणि मोबाइल, ध्वनिक्षेपक, कॅमेरा, दिवे, पंखे यांच्यासह तो एका ‘जोडलेल्या डिजिटल घराचा’ केंद्रबिंदू ठरला. उत्पादक कंपन्यांच्या जाहिराती, शासकीय धोरणे आणि माध्यमविषयक लेखन या तिन्ही ठिकाणी या प्रवासाचे वर्णन सरळ रेषेतील प्रगती असेच केले जाते.

प्रस्तुत लेखात या वर्णनाची चिकित्सा बीड जिल्ह्याच्या संदर्भात केली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २५ लाख ८५ हजार लोकसंख्येचा, ११ तालुक्यांचा आणि सुमारे ८० टक्के ग्रामीण वस्तीचा हा जिल्हा आहे. वारंवार पडणारा दुष्काळ आणि ऊसतोडणीसाठी होणारे हंगामी स्थलांतर ही त्याची दोन ठळक वैशिष्ट्ये होत. जोडलेल्या घराच्या संकल्पनेत जे गृहीत धरलेले असते, ते येथे सहजासहजी सापडत नाही. म्हणूनच ती संकल्पना तपासण्यासाठी हा जिल्हा उपयुक्त ठरतो. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, उच्च स्पष्टता आणि जोडणी या दोन निकषांनी माध्यमाची ‘पोहोच’ हा जुना निकष मागे सारला. आणि ज्या घरासाठी हे तंत्रज्ञान घडवले गेले ते घर एकाच जागी स्थिर असल्याचे मानल्यामुळे स्थलांतरित कुटुंब त्या व्याख्येबाहेर राहिले.

संकल्पनांचे स्वरूप :

उच्च स्पष्टता ही प्रथमतः तांत्रिक संज्ञा आहे. भारतात प्रचलित असलेल्या जुन्या पद्धतीत चित्र ६२५ रेषांचे असे व त्यांपैकी ५७६ रेषा प्रत्यक्ष चित्रासाठी वापरल्या जात. पूर्ण उच्च स्पष्टतेच्या चित्रात आडव्या दिशेने १९२० व उभ्या दिशेने १०८० बिंदू असतात. म्हणजे एका चौकटीत २० लाखांहून अधिक बिंदू. साध्या डिजिटल चित्राच्या तुलनेत ही संख्या पाचपट आहे. त्यापुढील ‘फोर के’ प्रकारात ती पुन्हा चौपट होते. पडद्याचे ४:३ हे प्रमाण बदलून १६:९ झाले, ते याच ओघात. या संशोधनाचा प्रारंभ जपानमध्ये झाला. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, एनएचकेने, या दिशेने पद्धतशीर काम सुरू केले. अमेरिकेने १२ जून २००९ रोजी पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण बंद केले आणि जपानच्या बहुतांश भागात ते २४ जुलै २०११ रोजी बंद झाले. भारतात दूरदर्शनने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण उच्च स्पष्टतेत केले आणि त्याच सुमारास खासगी डीटीएच सेवांनीही एचडी वाहिन्या देण्यास प्रारंभ केला. मराठीतील प्रमुख मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ मध्ये आल्या.

‘डिजिटल घर’ ही संज्ञा मात्र प्रारंभापासून व्यापारी आहे. २००३ मध्ये सोनी, इंटेल आदी कंपन्यांनी ‘डिजिटल होम वर्किंग ग्रुप’ स्थापन केला. पुढे तो ‘डीएलएनए’ या नावाने ओळखला गेला. वेगवेगळ्या कंपन्यांचे संच, संगणक व कॅमेरे एकाच घरात परस्परांशी बोलू शकावेत, हा त्याचा हेतू होता. २०१७ मध्ये ही संघटना विसर्जित झाली. तथापि तिने रुजवलेली कल्पना आज प्रत्येक ‘स्मार्ट टीव्ही’त वावरते आहे. या कल्पनेत घर म्हणजे एक वास्तू, तीत अखंड वीज, तीत एक इंटरनेट जोडणी आणि त्या जोडणीभोवती एकत्र राहणारी माणसे असा अर्थ अध्याहृत आहे.

या दोन्ही संज्ञांच्या आकलनासाठी दोन विचारवंतांचे प्रतिपादन साहाय्यभूत ठरते. मार्शल मॅकलुहान यांनी १९६४ मध्ये माध्यमांचे ‘उष्ण’ आणि ‘शीत’ असे वर्गीकरण मांडले. जे माध्यम एखाद्या इंद्रियाला भरगच्च तपशील पुरवते व ग्राहकासाठी फारसे काही शिल्लक ठेवत नाही ते उष्ण. जे अपुरे तपशील देऊन ग्राहकाला सहभागी करून घेते ते शीत. तत्कालीन दूरचित्रवाणीचा समावेश त्यांनी शीत माध्यमांत केला होता. या दृष्टीने पाहता उच्च स्पष्टता हा केवळ गुणवत्तेतील बदल नव्हे. माध्यम आणि प्रेक्षक यांच्यातील नाते बदलण्याची ती प्रक्रिया आहे. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये दूरचित्रवाणीवरील आपल्या ग्रंथात ‘चलनशील खासगीकरण’ ही संकल्पना मांडली. औद्योगिक समाजात माणसाचे चलनवलन वाढते आणि त्याच वेळी त्याचे कुटुंबजीवन स्वतःच्या घरात मिटत जाते. या दोन विरुद्ध प्रवृत्तींचा मेळ प्रसारण माध्यमे घालतात, कारण ती बाहेरचे जग घरात आणून देतात, असे त्यांचे म्हणणे होते. जोडलेले डिजिटल घर हे या संकल्पनेचे अत्यंत विकसित रूप होय. बीड जिल्ह्यात ती कितपत लागू पडते, हा पुढील विवेचनाचा विषय आहे.

‘मुंग्यां’च्या पडद्यापासून डिजिटल प्रक्षेपणापर्यंत :

मुंबई दूरदर्शनचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. १९७५-७६ या वर्षातील उपग्रहाधारित शैक्षणिक प्रयोगात सहा राज्यांतील २४०० खेड्यांमध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. परंतु त्या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. मराठवाड्यातील खेड्यांना हे माध्यम खऱ्या अर्थाने दिसू लागले ते १९८४ नंतर देशभर प्रक्षेपकांचे जाळे विस्तारल्यावर. जिल्ह्यात अंबाजोगाई येथे दूरदर्शनचे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. गावात एखाद-दुसरा संच, त्यावर कौलांच्या किंवा माळवदाच्या वर उभारलेला ॲन्टेना आणि तो फिरवण्यासाठी वर चढलेला मुलगा हे त्या काळातील सार्वत्रिक चित्र होते. पडद्यावर ‘मुंग्या’ येत, चेहरे दुहेरी दिसत, आवाज मध्येच खरखरत असे. तरीही ‘आमची माती आमची माणसं’ ऐकले जात असे आणि १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ मालिकेसाठी अर्धे गाव एका ओसरीवर जमत असे.

या जुन्या प्रक्षेपणाचे एक तांत्रिक वैशिष्ट्य येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. त्यात संकेत क्षीण होत जाई तसे चित्र हळूहळू बिघडत जाई. चित्र गेले तरी आवाज शिल्लक राही. आवाज गेला तरी आकृत्या ओळखू येत. डिजिटल प्रक्षेपणाचे तसे नाही. संकेत ठरावीक मर्यादेच्या वर असेल तोवर चित्र निर्दोष असते. मर्यादेखाली गेला की चौकोनी तुकडे पडतात आणि पडदा रिकामा होतो. मुसळधार पावसात छतावरील छत्रीचा संकेत तुटतो तेव्हा हाच अनुभव येतो. जुने तंत्र अर्धवट जोडणीला सामावून घेत होते. नवे तंत्र ‘पूर्ण किंवा काहीच नाही’ या तत्त्वावर चालते. हा गुणधर्म अभियांत्रिकीचा असला, तरी पुढे पाहता येईल त्याप्रमाणे नव्या माध्यमाच्या अर्थव्यवहारातही तेच तत्त्व उतरले आहे.

याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. जुन्या पद्धतीत मुंबईच्या प्रेक्षकाला स्वच्छ चित्र आणि प्रक्षेपकापासून दूरच्या खेड्याला ‘मुंग्या’ अशी भौगोलिक विषमता होती. उपग्रहावरून थेट घरात येणाऱ्या सेवेने ती संपवली. आष्टी-पाटोद्याच्या डोंगराळ भागातील वस्तीला मुंबईच्या घराइतकेच स्वच्छ चित्र मिळू लागले. बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरकडे धावली. उपग्रहाची छत्री मात्र त्यापूर्वी कितीतरी वर्षे येथील पत्र्यांवर येऊन स्थिरावली होती. दळणवळणाच्या अन्य साधनांपासून दीर्घकाळ वंचित राहिलेल्या प्रदेशाला या तंत्रज्ञानाने दिलेली ही समानता कमी लेखता येणार नाही.

विजेचा प्रश्न मात्र निराळा आहे. परळी वैजनाथ येथे १९७१ पासून औष्णिक वीजनिर्मिती होते. असे असूनही २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात जे तीव्र भारनियमन झाले, त्याची झळ या जिल्ह्यातील खेड्यांनाही बसली. २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी परळीचे केंद्रच बंद ठेवावे लागले. वीजपुरवठ्यात त्यानंतर सुधारणा झाली. परंतु जोडलेल्या घराला जी अखंड वीज लागते, ती पाण्यावर आणि पाऊसमानावर अवलंबून असते, हे वास्तव या जिल्ह्याइतके क्वचितच अन्यत्र स्पष्ट झाले असेल.

स्पष्टतेचे अर्थकारण :

२०११ च्या केबल दूरचित्रवाणी सुधारणा कायद्यानुसार देशात टप्प्याटप्प्याने डिजिटल केबल सक्तीची झाली. चार महानगरांचा क्रम प्रथम, अन्य मोठ्या शहरांचा दुसरा, बीडसारख्या नगरपालिका असलेल्या शहरांचा तिसरा आणि ग्रामीण भागाचा चौथा असा हा क्रम होता. चौथ्या टप्प्याची अंतिम मुदत ३१ मार्च २०१७ ही ठरली. गावातील केबलचालकाला महिन्याच्या अखेरीस, जमेल तसे, प्रसंगी सुगीनंतर पैसे देण्याची जी पद्धत होती, ती सेट टॉप बॉक्सबरोबर संपुष्टात येऊ लागली. तिची जागा आगाऊ भरण्याच्या ‘रिचार्ज’ने घेतली. मुदत संपली की पडदा बंद. उधारी, सवड, ओळख या ग्रामीण अर्थव्यवहारातील लवचिक गोष्टींना या व्यवस्थेत स्थान उरले नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दररचना २०१९ च्या प्रारंभी अमलात आली. तीत १०० साध्या वाहिन्यांसाठी १३० रुपये अधिक कर असे जाळेशुल्क ठरविण्यात आले होते आणि एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांबरोबर मोजली जात असे. सशुल्क वाहिन्यांचे मूल्य त्याखेरीज. पुढे या दरांत व मर्यादांत बदल झाले. परंतु ‘एक एचडी म्हणजे दोन साध्या’ हे समीकरण उद्बोधक आहे. स्पष्टतेला जागा लागते आणि जागेला किंमत असते. ज्या कुटुंबाचे उत्पन्न हंगामी आहे, त्या कुटुंबाने महिन्याच्या हिशेबाने स्पष्टता विकत घ्यावी, अशी ही रचना आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. संच स्वस्त होणे स्वागतार्हच आहे. परंतु संच एकदा घ्यावा लागतो आणि रिचार्ज दरमहा करावा लागतो. संचाच्या किमतीवरून माध्यमाच्या प्रसाराचे अनुमान काढणे म्हणूनच फसवे ठरते.

या पार्श्वभूमीवर २००४ च्या डिसेंबरमध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेल्या आणि आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणून परिचित असलेल्या सेवेचे महत्त्व लक्षात येते. एकदा छत्री व बॉक्स घेतल्यानंतर तिला मासिक शुल्क नाही. दूरदर्शनचे जुने भूपृष्ठीय प्रक्षेपक २०२२ पर्यंत बहुतांशी बंद करण्यात आले. मोजकेच काही सामरिक महत्त्वाच्या ठिकाणी ठेवले गेले. त्यामुळे आज विनाशुल्क दूरचित्रवाणीचा ग्रामीण भागातील मुख्य आधार हीच सेवा आहे. तिच्यावरील बहुतांश वाहिन्या साध्या स्पष्टतेच्या आहेत. माध्यमविषयक चर्चेत यामुळे ती ‘मागासलेली’ ठरते. स्पष्टता हाच निकष मानला तर हा निष्कर्ष बरोबर आहे. पोहोच हा निकष मानला तर तो पूर्णतः उलटतो.

घर कोणते? :

जोडलेल्या घराच्या संकल्पनेची खरी परीक्षा ‘घर’ या शब्दापाशी होते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखोंच्या संख्येने ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व गाळपहंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ फेडण्यासाठी पती-पत्नीची जोडी एक ‘कोयता’ म्हणून टोळीत सामील होते. ‘कोयता’ हे अवजाराचे नाव दोन माणसांना लागावे, यातच या श्रमाचे स्वरूप दिसते. फडाजवळ किंवा कारखान्याच्या आवारात बांधलेली पाचटाची अथवा ताडपत्रीची कोपी हे या काळातील त्यांचे निवासस्थान. गावातील घरात वृद्ध आईवडील आणि शाळेत जाणारी मुले राहतात. काही मुले हंगामी वसतिगृहात असतात, तर काही कोपीवरच असतात. सहा महिने हे कुटुंब एक असते आणि घरे दोन किंवा तीन.

विल्यम्स यांची ‘चलनशील खासगीकरण’ ही संकल्पना येथे अर्धीच लागू पडते. चलन आहे, किंबहुना पराकोटीचे आहे. परंतु त्याच्या जोडीला अपेक्षित असलेले खासगीपण नाही. कोपीला दार नसते, तेथे भिंतीवर टांगण्याचा पडदा नसतो आणि विजेची जोडणी बहुधा नसते. जे खासगीपण गावातील घरात असते त्यातून कर्ती पिढी वर्षातील निम्मा काळ वजा असते. ज्या समाजाच्या निरीक्षणातून ही संकल्पना निर्माण झाली तेथे माणूस कामावर जाऊन संध्याकाळी घरी परततो. येथे तो हंगामानंतर परततो. त्यामुळे बाहेरचे जग घरात आणणे ही येथील मुख्य गरज नाही. दूर गेलेले घरचे माणूस घरात आणणे ही आहे. ती गरज दूरचित्रवाणीने नव्हे, तर मोबाइलने भागवली. सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेटचे दर झपाट्याने खाली आले, तेव्हापासून फडावरून रात्री केला जाणारा व्हिडिओ कॉल हीच या कुटुंबांची खरी ‘जोडणी’ आहे. त्या कॉलमधील चित्र अस्पष्ट असते, थांबत-अडखळत येते. तरीही त्याचे मोल कोणत्याही उच्च स्पष्टतेच्या चित्राहून अधिक असते. येथे अर्धवट जोडणीला पुन्हा अर्थ प्राप्त होतो, ही बाब मॅकलुहान यांच्या ‘शीत’ माध्यमाच्या वर्णनाशी जुळणारी आहे. अपुरे चित्र पाहणाऱ्याकडून पूर्ण केले जाते.

घर म्हणजे एक जागा, हे गृहीत केवळ जाहिरातीत राहिलेले नाही. ते आता व्यवहाराच्या नियमांत उतरले आहे. नेटफ्लिक्स या कंपनीने जुलै २०२३ मध्ये भारतातही संकेतशब्द वाटून घेण्यावर निर्बंध आणले. एक खाते एका ‘गृहा’साठी आणि गृह म्हणजे एका ठिकाणी राहणारी माणसे, अशी त्यामागील व्याख्या आहे. या सेवेचे ग्राहक ऊसतोड कामगारांत क्वचितच असतील. तथापि पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात शिकणारा मुलगा आणि केज-धारूरमधील त्याचे पालक यांना एक कुटुंब न मानणारी ही व्याख्या उद्या अन्य सेवांचीही व्याख्या होऊ शकते, हे दुर्लक्षिता येणार नाही. मराठीत ‘घर’ या शब्दाने वास्तू, कुटुंब आणि घराणे असे तिन्ही अर्थ व्यक्त होतात. ‘घरचे कसे आहेत?’ या प्रश्नात वास्तूची चौकशी नसते. जोडलेल्या घराच्या परिभाषेने या शब्दाचा फक्त पहिला अर्थ उचलला आहे.

जोडणीची आणखी एक बाजू म्हणजे तीत माहितीचा प्रवास दोन्ही दिशांनी होतो. जुना संच केवळ दाखवीत असे. स्मार्ट संच पाहतोही. विझिओ या कंपनीने १ कोटी १० लाख संचांवरून ग्राहकांच्या संमतीवाचून त्यांच्या पाहण्याची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात, अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाबरोबर २०१७ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार तिने २२ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. भारतात वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. कायद्याचा आधार संमती हा आहे. परंतु संचावरील संमतीपत्र इंग्रजीत, लहान अक्षरांत आणि ‘मान्य’ हे बटण दाबल्याखेरीज पुढे जाता येऊ नये अशा रीतीने येत असेल, तर अल्पशिक्षित ग्रामीण ग्राहकाच्या बाबतीत त्या संमतीला कितपत अर्थ उरतो, हा प्रश्न आहे.

टाळेबंदीतील धडा :

मार्च २०२० मधील टाळेबंदीने या सर्व प्रश्नांची एकत्रित परीक्षा घेतली. शाळा बंद झाल्या आणि शिक्षण ऑनलाइन झाले. २०१७-१८ मधील राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सुविधा होती. याउलट २०११ च्या जनगणनेतच देशातील ४७.२ टक्के कुटुंबांकडे दूरचित्रवाणी संच असल्याची नोंद आहे. या दोन आकड्यांतील तफावत हीच ‘टिलीमिली’ या मालिकेची पार्श्वभूमी होय. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केलेली, पहिली ते आठवीच्या बालभारतीच्या पाठ्यक्रमावर आधारित ही मालिका २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर विनाशुल्क दाखविण्यात आली.

बीड जिल्ह्याच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व विशेष आहे. एप्रिल २०२० मध्ये राज्य शासनाने कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड कामगारांना गावी परतण्याची अनुमती दिली. कुटुंबे गावी आली, मुले घरी होती, मात्र ज्या घरात एकच स्मार्टफोन तेथे तीन मुलांनी तीन वर्गांचे तास कसे करावयाचे, हा प्रश्न होता. एकाच संचासमोर भावंडांनी मिळून बसता येते. एकाच मोबाइलवर ते शक्य होत नाही. मालिका एकदिशा होती, शंका विचारण्याची सोय तीत नव्हती, वेळ चुकली की भाग हुकत असे. या उणिवा मान्य करूनही असे म्हणावे लागेल की, आणीबाणीच्या प्रसंगी ‘स्मार्ट’ जोडणीपेक्षा साध्या स्पष्टतेचे सार्वजनिक प्रसारणच अधिक घरांपर्यंत पोहोचण्याच्या योग्यतेचे होते. जे माध्यम कालबाह्य ठरविले जात होते त्याचाच आधार शेवटी घ्यावा लागला.

स्पष्ट पडद्यावर अस्पष्ट प्रदेश :

तंत्रज्ञानाची चिकित्सा आशयाच्या चिकित्सेवाचून अपुरी राहते. उच्च स्पष्टतेने पडद्यावरील वस्तूंना महत्त्व दिले. दागिन्यांचे नक्षीकाम, साड्यांचे पोत, दिवाणखान्यातील झुंबरे हे सारे आता ठसठशीतपणे दिसते आणि कौटुंबिक मालिकांच्या नेपथ्याने या शक्यतेचा पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. ग्रामीण जीवन मराठी मालिकांत नाही असे नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’ने कोल्हापूरची आणि ‘लागिरं झालं जी’ने साताऱ्याची बोली व माती पडद्यावर आणली आणि त्यांना राज्यभर प्रेक्षक लाभला. चित्रपटांत मकरंद अनासपुरे यांनी मराठवाडी बोली लोकप्रिय केली. तथापि दैनंदिन मालिकांत मराठवाडा कथेचे केंद्र म्हणून क्वचितच येतो आणि ती बोली आली तरी बहुधा विनोदासाठी येते. पश्चिम महाराष्ट्राचा ऊस मालिकेच्या पार्श्वभूमीला डोलताना दिसतो; तो तोडणारा कोयता चौकटीबाहेर राहतो.

येथे ‘स्पष्टता’ या शब्दाचा दुसरा अर्थ विचारात घ्यावा लागतो. पडद्यावर किती बिंदू आहेत, हा एक प्रश्न. त्या बिंदूंतून कोण दिसते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कारखान्यात मिळते, दुसऱ्याचे वाहिन्यांच्या निर्णयप्रक्रियेत. बीडमधील प्रेक्षक २० लाख बिंदूंच्या चित्रात स्वतःचा प्रदेश शोधू लागला, तर त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. मोबाइलवर स्वतः चित्रित करून प्रसारित केलेल्या ग्रामीण ध्वनिचित्रफितींकडे तरुण प्रेक्षक वळला, त्याचे एक कारण हे असावे. तेथे चित्र साधे असते, पण बोली ओळखीची असते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. उच्च स्पष्टता व जोडणी हे तंत्रज्ञानाच्या विकासाचे वैध निकष आहेत. परंतु सार्वजनिक माध्यमाच्या मूल्यमापनासाठी ते पुरेसे नाहीत. पोहोच, परवड आणि प्रतिनिधित्व हे निकष त्यांच्या जोडीला असावयास हवेत.

२. डिजिटल प्रक्षेपणाने प्रक्षेपकापासूनच्या अंतरामुळे निर्माण होणारी विषमता बऱ्याच अंशी दूर केली. मात्र तिच्या जागी मासिक शुल्कावर आधारलेली नवी विषमता आली. हंगामी उत्पन्न असलेल्या कुटुंबाला ‘पूर्ण किंवा काहीच नाही’ ही रचना जाचक ठरते.

३. जोडलेल्या घराची प्रचलित संकल्पना स्थिर वास्तूवर आधारलेली आहे. बीड जिल्ह्यातील स्थलांतरित कुटुंब तीत बसत नाही. यास्तव ‘जोडलेले घर’ याऐवजी ‘जोडलेले कुटुंब’ हे अभ्यासाचे व धोरणाचे एकक मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

४. विनाशुल्क सार्वजनिक प्रसारण ही संक्रमणकाळातील तात्पुरती सोय नसून कायमस्वरूपी गरज आहे, हे २०२० च्या अनुभवाने सिद्ध केले. प्रसार भारती व आयआयटी कानपूर यांच्या सहकार्याने ज्याची चाचणी घेण्यात आली, ते इंटरनेटवाचून थेट मोबाइलवर प्रसारण करण्याचे तंत्र या दृष्टीने लक्षवेधी आहे. ते व्यवहारात आले आणि विनाशुल्क राहिले, तर कोपीपर्यंत पोहोचू शकणारे ते पहिलेच दूरचित्रवाणीचे रूप असेल.

५. मराठी वाहिन्यांनी व विशेषतः सह्याद्री वाहिनीने मराठवाड्यातील बोली, श्रम आणि स्थलांतर यांना कथाविषय म्हणून स्थान देणे आवश्यक आहे.

माध्यमांचा इतिहास बहुधा महानगरांतून लिहिला जातो. तेथे संच बदलला की युग बदलले, असे मानले जाते. बीडसारख्या जिल्ह्यातून पाहिल्यास जुनी आणि नवी माध्यमे एकाच वेळी, एकाच कुटुंबात नांदताना आढळतात : गावातील घरात फ्री डिशची छत्री, आजोबांच्या उशाशी आकाशवाणी आणि फडावरच्या मुलाच्या हातात मोबाइल. यांपैकी कोणते साधन ‘प्रगत’, याचा निर्णय पडद्यावरील बिंदूंच्या संख्येवरून होणार नाही. विभागलेल्या कुटुंबाला कोणते साधन किती काळ आणि किती खर्चात एकत्र ठेवते, यावरूनच तो करावा लागेल.